वरचा दोरा, खालचा दोरा

दुकानात कापडाशी जुळणारं एक रीळ घ्यायचं, त्याच रिळातून बॉबिन भरायची आणि शिवायला बसायचं, ही बहुतेकांची पद्धत. ब्लाउज, पिशव्या, उशांचे अभ्रे यांना ती पुरते. पण जुन्या सुती साड्यांचे चार-पाच थर घालून गोधडी मशीनवर घेतली की टीप वरून देखणी दिसते आणि खालच्या बाजूला दोऱ्याचे झोळ लोंबतात, नाहीतर वीतभर शिवून झालं की दोरा तुटतो. अशा वेळी मशीनला दोष देण्याआधी दोन दोरे काय काम करतात ते पाहायला हवं.

सुई थरांमधून खाली उतरते आणि किंचित वर उचलली जाते. त्या क्षणी तिच्याजवळ वरच्या दोऱ्याचा लहानसा फास सुटतो. हुकाचं टोक तो फास पकडतं आणि अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग वरची दांडी जास्तीचा दोरा परत खेचून घेते आणि खालच्या दोऱ्याला दिलेली अढी थरांच्या मध्यावर जाऊन बसते. एका टाक्यात मुरणारा दोरा काही मिलिमीटरच असतो, पण बॉबिनला वळसा घालायला कितीतरी जास्त लागतो. म्हणून वरच्या दोऱ्याचा प्रत्येक तुकडा कापडात कायमचा बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कित्येकदा खाली-वर घासला जातो. खालच्या दोऱ्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही. बॉबिनवरून तो फक्त उलगडत जातो.

एवढं कळलं की निवड सोपी होते. वर लागतो मजबूत, गुळगुळीत, पक्क्या पिळाचा दोरा. सुती घ्यायचा तर लांब धाग्याच्या कापसाचा, मर्सराइज्ड. स्वस्त सुती दोऱ्याला लव फार असते. ती नेढ्यात घासून सुटते आणि बॉबिन केसखाली साठते. खाली मात्र बारीक दोरा उत्तम: बॉबिनमध्ये जास्त मावतो, अढीला जागा कमी लागते आणि गोधडीची पाठ मऊ राहते. खालचा दोरा वरच्याइतका किंवा त्याहून बारीक असावा, हा नियम मी सहसा मोडत नाही.

जाडी ओळखायची ती रिळावरच्या आकड्यांवरून, आणि इथेच गोंधळ होतो. 40 वेट म्हणजे ज्याचे 40 किलोमीटर एक किलो भरतात तो दोरा. साहजिकच आकडा वाढला की दोरा बारीक होतो. टेक्सचा हिशेब उलटा: 1000 मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणून मोठा आकडा म्हणजे जाड दोरा. 40 वेट साधारण 25 टेक्स, तर 50 वेट 20 टेक्स. शिंप्यांकडच्या पॉलिएस्टर रिळांवर बहुधा टिकिट नंबर 120 असतो. तो 120 वेट नव्हे. जाडीला तो 24 ते 27 टेक्स, म्हणजे जवळपास 40 वेटच. 50/3 लिहिलेलं असेल तर तिरक्या रेघेपुढचा आकडा पदरांचा: तिपदरी दोरा.

गोधडीवरची टीप नक्षीसारखी उठून दिसावी असं वाटत असेल तर वर 40, खाली 50 किंवा 60 घ्या. टीप कापडात बुडावी आणि साड्यांचे रंगच बोलावेत असं वाटत असेल तर दोन्हीकडे 50. वर सुती आणि खाली पॉलिएस्टर ही जोडी बेलाशक चालते. मात्र झिजलेल्या, मऊ साडीवर फार दणकट दोरा मी वापरणार नाही. ताण आला तर टीप उसवलेली बरी, ती पुन्हा घालता येते. फाटलेली साडी सांधत बसावं लागतं. हातशिलाईसाठी खळ किंवा मेण दिलेला दोरा मशीनला लावू नका, त्याचा लेप टेन्शनच्या चकत्यांवर बसतो. नेढ्यात न मावणारा जाड शोभेचा दोरा असेल तर तो बॉबिनमध्ये भरून, बॉबिन केसचा स्क्रू सैल करून, कापड उलटं ठेवून शिवता येतो. नियमाला हा एक सुंदर अपवाद आहे.

रंग निवडताना रिळावरून दोऱ्याचा एकच पदर सोडून कापडावर ठेवून पाहा. रिळावर गडद दिसणारा रंग टाक्यात फिका होतो, म्हणून किंचित गडद छटा घ्यावी. वर-खाली अगदी विरुद्ध रंग घेतले तर टेन्शन जरासं हललं तरी ठिपके दिसतात.

सुई दोऱ्याप्रमाणे बदलायची. 50 वेटला 12 नंबर, 40 वेटला किंवा जाड थरांना 14. नेढं अरुंद पडलं की चांगला दोराही पिंजतो.

बॉबिन बेताच्या वेगाने भरा. पॉलिएस्टर भरधाव गुंडाळला तर ताणला जातो आणि शिवल्यावर आखडून टिपेला चुण्या पाडतो. वरचा दोरा ओवताना फूट उचललेला हवा, तरच तो चकत्यांमध्ये नीट बसतो. खालच्या झोळांचं सर्वांत नेहमीचं कारण हेच असतं. ओवणं बरोबर असूनही झोळ येत असतील तर वरचं टेन्शन वाढवा. उलट खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर ते कमी करा. बॉबिन केस सुटी निघत असेल तर ती दोऱ्यावर लोंबकळत धरून हलका झटका द्या. थोडीशी सरकून थांबली तर ठीक. सरसर खाली आली तर तिचा बारीक स्क्रू किंचित आवळा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको.

हे सगळं गोधडीवर नव्हे, तेवढ्याच थरांच्या चिंधीवर पाहायचं. तिच्यावरच पेनाने दोऱ्यांचे नंबर, सुई आणि टेन्शनचा आकडा लिहून ठेवा. जुळलं की त्याच रिळातून चार-पाच बॉबिन आधीच भरून घ्या आणि मग गोधडी फुटाखाली सरकवा.