यॉर्क : तटबंदीच्या आतले नांदते शहर

उत्तर इंग्लंडमध्ये ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या यॉर्क शहराचा पाया रोमन सैन्याने इसवी सन 71 मध्ये घातला. पुढे रोमन छावणी, व्हायकिंग व्यापारपेठ, मध्ययुगीन धर्मपीठ आणि चॉकलेटची उद्योगनगरी अशी त्याची रूपे पालटत गेली, तरी शहराचा गाभा तटबंदीच्या आत जागच्या जागी राहिला. हा गाभा आपोआप टिकलेला नाही. तिथे राहणाऱ्या आणि कामधंदा करणाऱ्या माणसांनी तो वेळोवेळी जाणीवपूर्वक राखला आहे.

आज ज्या तटावरून चालत शहर पाहता येते, तो तट पाडण्याची परवानगी नगरपालिकेनेच 1800 मध्ये मागितली होती, कारण अरुंद वेशी रहदारीला अडसर ठरत होत्या आणि डागडुजीचा खर्च परवडत नव्हता. ‘बार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वेशींपुढची संरक्षक बांधकामे एकामागून एक पाडली गेली. मात्र यॉर्कमध्येच जन्मलेला चित्रकार विल्यम एटी याच्यासारख्या नागरिकांनी विरोध लावून धरल्यामुळे तटाचा बहुतेक भाग बचावला आणि वॉमगेट बार या वेशीपुढचे बांधकामही शाबूत राहिले. शहराच्या कलादालनासमोर एटीचा पुतळा उभा आहे.

तटावरून सतत दृष्टीस पडणारे यॉर्क मिन्स्टर हे कॅथीड्रल, म्हणजे आर्चबिशपचे पीठ असलेले मुख्य चर्च होय. त्याच्या पूर्वेकडील भव्य खिडकीत जॉन थॉर्नटन या कारागिराने 1405 ते 1408 या काळात रंगीत काचांचे तीनशेहून अधिक चित्रफलक बसवले. विश्वाच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंतची बायबलमधील कथा त्यांत सांगितलेली असून, शिशाच्या पट्ट्यांनी सांधलेल्या या काचा उतरवून, स्वच्छ करून पुन्हा बसवण्याचे दीर्घकाळ चाललेले काम 2018 मध्ये पूर्ण झाले.

कलेचा दुसरा प्रवाह बाजारपेठेतून वाहत आला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत विणकरांच्या ज्या श्रेणींचा उल्लेख येतो, त्यांच्याशी मिळतेजुळते व्यावसायिकांचे संघ, म्हणजे ‘गिल्ड’, मध्ययुगीन यॉर्कमध्ये होते. दरवर्षी हे संघ चाकांच्या गाड्यांवर रंगमंच उभारून चौकाचौकांत धार्मिक नाटके सादर करत. नोहाच्या नौकेच्या बांधणीचा प्रसंग जहाजबांधणी करणाऱ्यांकडे, तर येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रसंग पाव भाजणाऱ्यांकडे असे. धर्मसुधारणेच्या काळात, 1569 नंतर बंद पडलेली ही ‘मिस्टरी प्लेज’ 1951 मध्ये सेंट मेरी मठाच्या अवशेषांत पुन्हा उभी राहिली, आणि याच शहराची कन्या असलेल्या जूडी डेंच या अभिनेत्रीने त्यांत तरुणपणी भूमिका केल्या.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली या व्यापारी जीवनाची खूण जवळून दाखवते. लाकडी सांगाड्याच्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके झुकलेले आहेत की खाली ऊन क्वचितच पोहोचते. मांस मांडण्याच्या रुंद फळ्या आणि ते टांगण्याचे लोखंडी आकडे काही दुकानांबाहेर अजून दिसतात. जवळच्या कॉपरगेट भागात 1976 ते 1981 या काळात झालेल्या उत्खननात व्हायकिंग वस्तीतील लाकूड, चामडे आणि कापडसुद्धा सापडले, कारण ओलसर मातीच्या थरांत प्राणवायू न पोहोचल्याने ते कुजले नव्हते. त्याच जागी 1984 मध्ये योर्विक हे संग्रहालय सुरू झाले.

खाद्यसंस्कृतीतही उद्योगाचा इतिहास मिसळलेला आहे. विद्यापीठांची दारे बंद असल्याने व्यापाराकडे वळलेल्या क्वेकर पंथीयांपैकी राउंट्री कुटुंबाने येथे चॉकलेटचा मोठा कारखाना उभारला आणि 1935 मध्ये पुढे किटकॅट म्हणून जगभर गेलेली वडी बाजारात आणली. सेंट हेलन्स चौकातील बेटीज या चहागृहात सुका मेवा घातलेला, वर बदाम व चेरी लावलेला ‘फॅट रास्कल’ हा भाजलेला गोड पदार्थ मिळतो. रविवारच्या जेवणात भाजलेल्या मांसासोबत वाढले जाणारे यॉर्कशायर पुडिंग मात्र गोड नसून मैदा, अंडी आणि दूध यांचे पातळ मिश्रण कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून, भट्टीत फुलवून केलेले असते.

मोटारींच्या गर्दीने हे सारे गुदमरू लागले, तेव्हा लॉर्ड एशर यांच्या 1968 च्या अहवालाने केवळ इमारती जतन करण्याचा सल्ला दिला नाही. तटाच्या आत कुटुंबांनी पुन्हा राहावे, व्यापार चालता राहावा आणि गोंगाट हटावा, असे उद्दिष्ट त्याने मांडले. पुढे मध्यवर्ती रस्त्यांचा मोठा भाग दिवसा पादचाऱ्यांसाठी राखला गेला. पुण्याच्या पेठा, नाशिकचे जुने वाडे किंवा पैठणच्या गल्ल्या यांच्या जतनाचा विचार करताना हा दृष्टिकोन मोलाचा आहे : वास्तू राखायची तर तिच्या सावलीत चालणारे काम आणि राहणारे लोकही राखावे लागतात, आणि ही जबाबदारी पुरातत्त्व खात्याइतकीच तिथल्या नागरिकांचीही असते.