सहाव्या वर्षाचा रस्ता

रस्ता टिकेल की नाही, हे पावसात कळते. जुलैमध्ये मराठवाड्यातल्या एका ग्रामसडकेवर शाखा अभियंता आणि मुकादमांसोबत चालत होतो. दोघांचेही डांबराकडे फारसे लक्ष नव्हते; नजर कडेला होती. साइडपट्टीवर माती साचून ती डांबराच्या वर आली आहे का? मोरीचे तोंड मोकळे आहे का? एका जागी शेतात बैलगाडी उतरवण्यासाठी कुणीतरी पाइप न टाकताच गटार मातीने भरले होते. तिथे पाणी तुंबून डांबराची कड तुटू लागली होती. “साहेब, आधी पाणी काढू, खड्डा मागाहून भरता येईल,” मुकादम म्हणाले आणि फावडे मागवले.

पावणेचार मीटर रुंदीच्या या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत उतार असतो जेमतेम पाच सेंटिमीटरचा. साइडपट्टीवर गवत-माती चढली की तो निकामी होतो. मुरलेले पाणी खालच्या काळ्या मातीला फुगवते, उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते. खडीची पकड सुटली की उसाच्या भरल्या ट्रॉलीखाली डांबर खचते. गटार उपसणे, साइडपट्टी तासणे, झुडपे तोडणे ही कामे स्वस्त असतात. ती टाळली की रस्ताच नव्याने करावा लागतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. तिच्यात पहिली पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते. ई-मार्ग या ऑनलाइन प्रणालीत रस्त्याची स्थिती तपासूनच देखभालीचे पैसे दिले जातात. खरी परीक्षा सहाव्या वर्षी. तेव्हा रस्ता कुणाचा, पैसा कुठून आणि फावडे कुणाच्या हाती, या तिन्ही प्रश्नांना उत्तर असेल तरच तो टिकाऊ म्हणावा. आपल्या वाट्याच्या तुकड्यावर बारमाही राबणारा मैलकुली आता क्वचितच दिसतो. उत्तराखंड, हिमाचल प्रदेश आणि मेघालयात काही ग्रामसडकांची नित्याची देखभाल महिला बचत गटांकडे देण्यात आली. ज्यांची मुले त्या रस्त्याने शाळेत जातात, त्यांच्याच हाती काम आणि मजुरी देणारी ही वाट आपल्याकडेही नेटाने चालून पाहायला हवी.

आपल्या गावच्या रस्त्याकडेचा फलक वाचा. देखभालीची मुदत कधी संपते ते पाहा आणि पुढच्या ग्रामसभेत नवा रस्ता मागण्याआधी असलेल्या रस्त्याच्या देखभालीची तरतूद विचारा.