मुळेचं पाणी मोजायचं कुणी?

पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं ठरलं की राहुरी तालुक्यात आधी मुळा नदीवरच्या बंधाऱ्यांच्या फळ्या निघतात. डिग्रस, मानोरी, मांजरी, वांजुळपोई. नदीकाठच्या मोटारींची वीज तुटते. शेतात ऊस उभा, आणि पाणी डोळ्यांदेखत खाली चाललेलं.

हे सुरू झालं २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपापासून. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. २०१५ च्या आदेशात एकूण १२.८४ टीएमसी, त्यात मुळा धरणाचे १.७४. २०१८ मध्ये ८.९९ पैकी १.९०, २०२३ मध्ये ८.६०३ पैकी २.१०. सव्वीस टीएमसीच्या धरणातून दोन टीएमसी, मग एवढा आरडाओरडा कशाला, असं पैठणकडून विचारलं जातं. राहुरीकर उलट विचारतात, वाटेत मुरलं किती आणि पोचलं किती, हे आम्हाला कोण दाखवणार? मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात.

मोजणीचा असाच तिढा अलास्कात पडला होता. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने तिथल्या इनुपियाट लोकांच्या बोहेड व्हेलच्या शिकारीवर बंदी घातली. शास्त्रज्ञांच्या मोजणीत व्हेल फारच कमी भरत होते. शिकारी म्हणाले, तुम्ही मोकळ्या पाण्यातले मोजता, बर्फाखालून जातात ते कोण धरणार? त्यांनी स्वतःचा आयोग उभारला, १९७८ साठी तुटपुंजा कोटा पदरात पाडला आणि १९८१ मध्ये अमेरिकी सरकारशी देखरेखीचा करार केला. पुढे पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले, तेव्हा शिकाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

आपल्याकडे पाण्याचा हिशेब अभियंते मांडतात आणि भांडण वकील लढतात. २०२३ मध्ये नेमलेल्या मांदाडे समितीने ६५ टक्क्यांची अट खाली आणण्याची शिफारस केली, तेव्हाही वाद टक्क्यांवरच रंगला. राहुरी आणि पैठणचे चार-चार शेतकरी एकाच वेळी मुळा धरणाच्या दरवाजापाशी आणि जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाच्या तोंडाशी मोजपट्टी धरून उभे राहावेत, ही मागणी कुणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि मुळा उगवते त्या अकोले तालुक्याच्या डोंगरातला महादेव कोळी आदिवासी तर या ताळेबंदात कुठल्याच रकान्यात नाही.