गाणे कोणाचे, मालकी कोणाची?

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट आपली गाणी स्वतः रचते. परंतु रचनेचा हक्क निराळा आणि ध्वनिमुद्रणाचा निराळा, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. तिच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ मुद्रणे कंपनीच्या मालकीची होती. २०१९ साली कंपनीच विकली गेली, तिच्याबरोबर तीही गेली. माल घडविणाऱ्याचा, कोठार दुसऱ्याचे!

रचनाकार म्हणून तिचा हक्क मात्र शाबूत होता. करारातील बंदीची मुदत संपताच तीच गाणी पुन्हा गाऊन तिने २०२१ ते २०२३ या काळात चार अल्बम नव्याने काढले. २०२५ च्या मे महिन्यात मूळ मुद्रणेही विकत घेतली. ऑक्टोबरात आलेला ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ तर तिच्याच मालकीचा.

तिच्यापाशी पैसा होता. नवख्या गायकापाशी तो कुठला? त्याने सही करण्यापूर्वी करार वाचावा, आणि एकट्याने वाचू नये.