बीएसएफचा फॉर्म भरताय? आधी पेन्शन अन् सुटीचा नियम वाचा

अमरावती : पहाटे रस्त्यावर धावणारे पोट्टे दर्यापूर, अचलपूरपासून अकोट, मूर्तिजापूरपर्यंत सगळीकडे दिसतात. विचारलं तर 'मिल्ट्रीत जायचं' एवढंच सांगतात. पण सैन्य वेगळं आणि सीमा सुरक्षा दल, म्हणजे बीएसएफ वेगळं.

सैन्यात 2022 पासून जवान अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेतले जातात. त्यातले 25 टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येतं. कॉन्स्टेबलची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशन करतं, आणि 2024 पासून पेपर मराठीतही देता येतो. नोकरी वयाच्या 60 पर्यंत. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ पगार 21,700 रुपयांपासून, भत्ते वेगळे. ट्रेनिंगमध्येही पगार मिळतो. लातूर जिल्ह्यात चाकूरला बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर आहे, पण तिथेच पाठवतील असं नाही.

पेन्शनबाबत मात्र गावात गैरसमज फार. 1 जानेवारी 2004 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एनपीएसमध्ये पगारातून 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के टाकतं. 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टाने जुन्या पेन्शनच्या बाजूने निकाल दिला होता. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. एप्रिल 2025 पासून यूपीएसचाही पर्याय आहे. त्यात 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन.

आता खरी गोष्ट. बीएसएफला 1968 चा स्वतःचा कायदा आहे. परवानगीशिवाय मधूनच राजीनामा देता येत नाही. पोरगा पेरणीला किंवा बहिणीच्या लग्नाला घरी येतो, मग घरचेच म्हणतात, 'थांब ना बाप्पा दोन दिवस, काय होते!' होते बरंच काही. पुरेसं कारण नसताना सुटीवरून उशिरा जाणं हा कलम 19 खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. खटला दलाच्याच कोर्टात चालू शकतो. विनापरवानगी गैरहजेरीचे 30 दिवस झाले की चौकशी बसते.

आई दवाखान्यात असेल, तर सुटी संपायच्या आधीच युनिटला लेखी कळवा, पोच घ्या, डॉक्टरचे कागद सांभाळून ठेवा. नुसत्या फोनवर भागवू नका.