प्रवाळाच्या पेटीतील बिनबोलावलेले पाहुणे



इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, न्यूकी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील ‘ब्लू रीफ’ मत्स्यालयात २००९ साली एक चमत्कारिक प्रकार उघडकीस आला. टाकीतील प्रवाळ मधोमध कापल्यासारखे दिसत, मासेही जखमी होत. सापळे लावले, आमिष नाहीसे होई, चोर मात्र सापडत नसे. अखेर टाकीतील दगड न् दगड उचलला, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा एक कृमी बाहेर आला!

ही हकीकत ऐकून खाऱ्या पाण्याची पेटी बाळगणाऱ्याला धडकी भरेल, आणि उद्या पेटीत काही वळवळताना दिसताच तो औषधाची बाटली शोधू लागेल. त्याचा हात धरावा, एवढ्याचसाठी मी आज येथे उभा आहे.

प्रथम हे कृमी येतात कोठून? पेटीत आपण समुद्रातील सच्छिद्र दगड आणि प्रवाळ ठेवतो. त्यांच्या भोकाभोकांतून ही मंडळी बिनभाड्याने राहत असतात, आणि दगडाबरोबर आपल्या घरी येतात. त्यांतली बहुसंख्य निरुपद्रवी, किंबहुना उपकारक असतात. नळीत राहून डोक्यावर पिसांचा पंखा उघडणारा कृमी पाण्यातील कण गाळून खातो. काचेवर पांढऱ्या ठिपक्यांएवढ्या गोगलगाईसारख्या वेटोळ्या दिसतात, त्याही अशाच एका कृमीच्या नळ्या. शेवयांसारखे लांब तंतू वाळूवर पसरणारा कृमी तळचा गाळ वेचतो.

लोक घाबरतात ते केसाळ कृमीला. हा गांडुळाच्याच गोतातला. अंगावर वलये, आणि प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंस राठ केसांचे झुपके. तो दिवसा कपारीत दडतो आणि रात्री मेलेला मासा, उरलेले अन्न, सडलेला पाला फस्त करतो. मेलेल्या माशावर दहा कृमी दिसले की मालक म्हणतो, ‘यांनीच मारला!’ वास्तविक ते खून करायला नव्हे, उत्तरकार्याला आलेले असतात.

मग शत्रू कोण? तिघांची ओळख ठेवावी. पहिला अग्निकृमी, हर्मोडिसे. हा अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. याचे पांढरे केस दाट असतात, त्यांच्या बुडाशी लालसर कल्ले असतात, आणि डोक्यावर सुरकुतलेला तुरा असतो. हा जिवंत प्रवाळ खातो. दुसरा युनिसे, न्यूकीचा चोर याच कुळातला: डोक्यावर पाच शिंगुळ्या, बळकट जबडे आणि अंगावर इंद्रधनुष्यी झाक. मात्र या कुळातले लहान कृमी बहुधा निरुपद्रवी असतात. तिसरे चपटे कृमी. त्यांतला एक, फांद्यांच्या ॲक्रोपोरा प्रवाळावर त्याच्याच रंगाचा होऊन चिकटतो व त्याला खातो. तांबूस, काही मिलिमीटर लांबीचे दुसरे चपटे कृमी प्रवाळ खात नाहीत. पण संख्या वाढली की त्यावर पसरून त्याचा प्रकाश अडवतात.

ओळख पटवायची ती रात्री. दिवे मालवून तासा-दोन तासांनी विजेरीला लाल कागद लावून पाहावे. कृमी नुसता प्रवाळावरून जातो आहे की तेथे बसून खातो आहे, हे पाहावे. केसाळ कृमीला उघड्या हाताने कधीही धरू नये. केस कातडीत मोडतात व आग होते. मोडलेच तर चिकटपट्टी लावून उपटावेत. शत्रू ठरला तर चिमट्याने किंवा आमिषाच्या सापळ्याने काढावा. चपटे कृमी बारीक नळीने पाण्यासह ओढून घ्यावेत.

सरसकट विष मात्र घालू नये. तांबूस चपटे कृमी एकदम मेले तर त्यांच्याच अंगातील विष पाण्यात उतरते. केसाळ कृमी दगडांत मरून सडले तर अमोनिया वाढतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि वर्षानुवर्षे वाढवलेले प्रवाळ एका रात्रीत जातात. औषध देणे भागच पडले, तर आधी नळीने शक्य तितके कृमी काढावेत, आणि नंतर कोळशाची गाळणी लावून बरेचसे पाणी बदलावे.

खरा उपाय दारातच करावा. नवा प्रवाळ औषधी पाण्यात बुडवून काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. चपट्या कृमींची अंडी एका बुडवणीने मरत नाहीत, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी. आणि केसाळ कृमी फार वाढले, तर दोष त्यांचा नव्हे. आपण मुठी भरभरून अन्न टाकतो, त्याचा तो हिशेब असतो. अन्न कमी करा, कृमी आपोआप कमी होतील.

न्यूकीच्या लोकांनीही टाकीत विष ओतले नाही. दगड उचलून चोर शोधला, आणि त्याला वेगळ्या टाकीत ठेवले. साप समजून भुई धोपटण्यापेक्षा, कंदील घेऊन नीट पाहणे केव्हाही शहाणपणाचे.