गळा एकच, पंढरीचा अन् पोपटाचा

आषाढीच्या पहाटे कंधारात देवळाच्या भोंग्यातून जो आवाज येतो, त्याच घरातला आवाज लग्नसराईत वरातीपुढं धुरळा उडवतो. पहिला प्रल्हाद शिंदे यांचा, दुसरा त्यांचा मुलगा आनंद याचा. 'पाऊले चालती पंढरीची वाट' आणि 'जवा नवीन पोपट हा' यांत एका पिढीचं अंतर आहे, पण कान म्हणतो, गळा तोच.

अमेरिकेत देवाच्या गाण्याकडून जगाच्या गाण्याकडं असा प्रवास इतका सोपा नव्हता. अलाबामात १९४० साली जन्मलेली कँडी स्टेटन लहानपणी ज्युएल गॉस्पेल ट्रायोत देवाची गाणी गायची. पुढं ती सोल संगीताकडं वळली, १९७६मध्ये 'यंग हार्ट्स रन फ्री' या गाण्यानं डिस्कोत गाजली आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा गॉस्पेलकडं परतली. देवाचं गाणं इकडं, जगाचं तिकडं. मध्ये भिंत.

शिंद्यांच्या घरात ती भिंत उभीच राहिली नाही. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे, जन्म १९३३चा. आईवडील भजन-कीर्तन करत, पोटही त्यावरच. पुढं ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला उभे राहिले. कव्वाली काय शिकवते, हे आमच्या कंधारच्या हाजी सय्याहांच्या उरुसात रात्र जागवलेल्याला सांगायला नको. वरच्या पट्टीत टिकायचं, ओळ कोरसकडं टाकायची, टाळीवर परत झेलायची. गॉस्पेलचीही घडण हीच: पुढच्यानं हाक द्यायची, मागच्यांनी ओ. प्रल्हाददादांचा विठ्ठल गोड, शांत वाटत नाही, तापलेला वाटतो. माझ्या मते ती कव्वालीची धग.

बौद्ध घरातला हा गायक सत्यनारायणाची कथा गायला आणि भीमगीतंही गायला. यात विसंगती शोधणारे भेटतात. मला ती ऐकणाऱ्यांत दिसते. हा आवाज थेट देवघरात चालला. गाणारा माणूस त्यातल्या किती घरांच्या ओसरीवर चालला असता?

मग कॅसेट आली. मानवेल गायकवाडांनी लिहिलेला 'पोपट' आनंद शिंदेंच्या गळ्यातून पानटपरीपासून एसटी स्टँडपर्यंत पोचला. शहाण्यांनी नाकं मुरडली, आणि वरातीत तेही नाचले. तिसऱ्या पिढीतला आदर्श २०१३च्या 'दुनियादारी'त 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' म्हणतो, अन् तोच २०१६च्या 'पोश्टर गर्ल'मध्ये वडिलांसोबत डीजेचा आवाज वाढवायला सांगतो. आजोबांचा कोरस नातवापर्यंत आला, एवढंच.

प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. आषाढ लागला होता, पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या.